रकान्याचं नाव कुठे गेलं?

बुऱ्हाणपूरचा लोधीपुरा म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला दर्गाह-ए-हकिमी आठवते. मला गेल्या उन्हाळ्यापासून तिथला एक ओटा आठवतो. ओट्यावर केळीची बाग असलेले एक काका, त्यांचा कॉलेजात जाणारा पुतण्या आणि दोघांच्या मधे एक फोन. पुतण्या म्हणाला, "काका, व्यापाऱ्याकडं आपले अठरा हजार चारशे निघतात." काकांनी बसल्या जागी व्यापाऱ्याला फोन लावला. पलीकडून थंड आवाजात उत्तर आलं, "दादा, उलटं आहे. अठरा हजार चारशे तुम्ही उचल घेतलीय, आखाजीच्या आधी."

पुतण्या काही वाचायला चुकला नव्हता. आकडा खरा होता, ओळही खरी होती. फक्त ॲपमधली यादी खाली सरकवत तो चाळीसाव्या ओळीवर पोचला होता आणि रकान्यांची नावं पहिल्या ओळीबरोबर केव्हाच वर निघून गेली होती. शेजारीशेजारी तीन रकाने रुपयांचे: रक्कम, उचल, बाकी. नावं डोळ्याआड झाली की तिन्ही सारखेच दिसतात. त्याने शेवटून दुसरा रकाना बाकीचा धरला, तो उचलीचा निघाला.

हा लेख त्या हरवलेल्या नावांबद्दल आहे. फोनवर किंवा संगणकावर हिशोब ठेवणाऱ्यांसाठी आहे, आणि गावातल्या ज्या पोरापोरींनी आता अशी ॲपं लिहायला घेतली आहेत त्यांच्यासाठी तर आहेच.

वहीत हा घोटाळा सहसा होत नाही, कारण वहीचं पान संपतं. पान उलटलं की मुनीमजी आधी वर 'जमा' आणि 'नावे' लिहितात, मग पहिली रक्कम. इकडचा खसरा घ्या नाहीतर सीमेपलीकडे रावेरचा सातबारा घ्या, छापील कागदाच्या प्रत्येक पानावर रकान्यांची नावं पुन्हा असतातच. पडद्यावरच्या यादीला पान नाही. ती एकच लांबलचक पट्टी आहे आणि तिच्या टोकाला एकदाच नावं लिहिलेली आहेत. म्हणून पडद्यावर ती नावं मुद्दाम धरून ठेवावी लागतात. ही गरज पहिल्यापासूनची आहे. १९७९ साली आलेल्या व्हिसिकॅल्क या पहिल्या लोकप्रिय संगणकीय हिशोबपत्रकातही शीर्षकाच्या ओळी गोठवून ठेवण्याची आज्ञा होती. साडेचार दशकांनंतरही फोनवरची कित्येक ॲपं ती विसरतात, याचं मला नवल वाटतं.

आधी साध्या माणसाचं काम करू. हिशोब एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये असेल तर नावं धरून ठेवायला कुणाला बोलवायची गरज नाही. एक्सेलमध्ये 'व्ह्यू' या टॅबवर 'फ्रीझ पेन्स' आहे. त्यातलं 'फ्रीझ टॉप रो' वरची ओळ धरतं, 'फ्रीझ फर्स्ट कॉलम' डावीकडचा रकाना धरतं. दोन्ही हवे असतील तर नावांच्या ओळीखालच्या आणि पहिल्या रकान्याच्या उजवीकडच्या चौकटीवर बोट ठेवायचं, म्हणजे साध्या पत्रकात बी-२ वर, आणि मग नुसतं 'फ्रीझ पेन्स' दाबायचं. गूगल शीट्समध्ये 'व्ह्यू', मग 'फ्रीझ', मग किती ओळी ते निवडायचं. फोनवरच्या शीट्समध्ये ओळीच्या क्रमांकावर बोट दाबून ठेवलं की निघणाऱ्या यादीतही 'फ्रीझ' सापडतं.

इथे आपल्याकडचा एक खास अडथळा येतो. आपण पत्रक सुरू करतो ते ॥ श्री ॥ लिहून. त्याखाली दुकानाचं किंवा बागेचं नाव, त्याखाली वर्ष, आणि चौथ्या ओळीत कुठे रकान्यांची नावं. शिवाय ॥ श्री ॥ मधोमध यावं म्हणून वरच्या सगळ्या चौकटी जोडून टाकलेल्या. आता 'फ्रीझ टॉप रो' दाबलं की एक्सेल इमानदारीने श्री धरून ठेवतं आणि नावं वर पळतात. गूगल शीट्समध्ये पहिला रकाना गोठवायला गेलात तर ते सरळ नकार देतं, कारण जोडलेली चौकट अर्धी गोठवून अर्धी मोकळी सोडता येत नाही. उपाय सोपा आहे. श्री आणि दुकानाचं नाव एका वेगळ्या पहिल्या शीटवर लिहा, आणि हिशोबाच्या शीटची पहिली ओळ रकान्यांच्या नावांनाच द्या. देवाचा मान पहिल्या पानावर राहतोच. ते नकोच वाटत असेल तर श्री पहिल्या चौकटीत लिहा, चौकटी जोडू नका, आणि नावांच्या ओळीपर्यंतच्या चारही ओळी गोठवा. फोनवर मात्र त्या चार ओळी जागा खातात.

एक्सेलची आणखी एक खोड सांगून ठेवतो. गोठवताना ते त्या क्षणी पडद्यावर जी ओळ सगळ्यात वर दिसते तिच्यापासून धरतं. पत्रक थोडं खाली सरकलेलं असताना फ्रीझ दाबलंत तर वरच्या ओळी अडकून पडतात, कितीही वर सरकवलं तरी दिसत नाहीत, आणि माणसाला वाटतं की माल गेला. गेलेला काही नसतो. 'अनफ्रीझ' करा, अगदी वर जा, पुन्हा गोठवा. आणि पत्रकाचं कंट्रोल-टी दाबून रीतसर 'टेबल' केलंत तर गोठवायचीही गरज उरत नाही. टेबलच्या आत कुठेही असताना खाली सरकलात की ए, बी, सी या अक्षरांच्या जागी तुमच्या रकान्यांची नावं येऊन बसतात.

छपाईची गोष्ट वेगळी. पडद्यावर गोठवलेली ओळ कागदावर आपोआप प्रत्येक पानावर येत नाही. एक्सेलमध्ये 'पेज लेआउट'मधल्या 'प्रिंट टायटल्स'मध्ये वर कोणती ओळ पुन्हा छापायची ते सांगावं लागतं. शीट्समध्ये छपाईच्या खिडकीत गोठवलेल्या ओळी पुन्हा छापण्याची खूण असते, ती करायची. व्यापाऱ्यापुढे पाच पानांचा हिशोब ठेवायचा आणि चौथ्या पानावर कोणता आकडा कशाचा हे बोटाने मोजत बसायचं, ही वेळ कुणावर येऊ नये.

आता ॲप लिहिणाऱ्यांकडे वळतो. लोधीपुऱ्यातल्या त्या ॲपमध्ये दहा रकाने होते: तारीख, बाग, माल, घड, वजन, कटती, भाव, रक्कम, उचल, बाकी. माल म्हणजे नवती, पिलबाग की कांदेबाग. यातला एकही रकाना फालतू नाही, केळीवाल्याला विचारा. पण फोनची रुंदी पाहा. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत ती ३६० एककांच्या (डीपी) आसपास असते. डावीकडे तारखेला ९६ दिले तर उरतात २६४. पाच-सहा आकडी रक्कम नीट वाचता यायला एका रकान्याला ८८ तरी लागतात. म्हणजे एका वेळी तीन रकाने दिसणार, सहा बाहेर राहणार. नावांची ओळ कितीही पक्की धरलीत तरी हा हिशोब बदलत नाही.

म्हणून ओळ चिकटवण्याआधी मी रकाने कापतो. यादीत चारच ठेवतो: तारीख, माल, रक्कम, बाकी. बाग, घड, वजन, कटती, भाव, उचल हे त्या ओळीवर बोट टेकवलं की उघडणाऱ्या पानावर, तिथे प्रत्येक आकड्याच्या डावीकडे त्याचं नाव. लोक म्हणतात, आम्हाला सगळं एकदम पाहायचंय. पाहायचं असतं ते घरी, संगणकावर, महिन्याअखेर. बागेत उभं राहून कुणी दहा रकाने पाहत नाही. कटतीचा वाद निघाला तर त्या एका दिवसाची पट्टी पाहतो.

दुसरं, आणि हे मला नावांच्या ओळीहूनही महत्त्वाचं वाटतं: फोनवर डावा रकाना धरा. आडवी सरकणारी यादी असेल तर तारीख आणि बाग डावीकडे जागेवर राहायलाच हवी. रकान्याचं नाव गेलं तर माणूस आकड्याच्या आकारावरून अंदाज तरी बांधतो, की शंभराच्या घरातला घड असेल आणि हजाराच्या घरातला भाव. ओळीची तारीख गेली तर काहीच बांधता येत नाही. कारागिरांच्या हिशोबात तर तारखेच्या जागी माणसाचं नाव असतं. एकाची मजुरी दुसऱ्याच्या नावावर वाचली गेली की भांडण ठरलेलंच.

वेबवर हे करायचं तर सीएसएसमधली 'पोझिशन: स्टिकी' आणि सोबत 'टॉप: शून्य' एवढंच पुरतं, असं सगळे सांगतात. क्रोममध्ये २०१७ च्या जानेवारीत आलेल्या ५६ व्या आवृत्तीपासून ते चालतंही. तरी दहातल्या आठ जणांचं पहिल्या खेपेला चालत नाही (हा आकडा माझ्या अनुभवाचा, कुठल्या पाहणीचा नाही). कारण बहुतेक वेळा एकच असतं. फोनवर रुंद तक्ता आडवा सरकावा म्हणून आपण त्याच्याभोवती 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' असलेली एक पेटी घालतो. एका दिशेने सरकणारी म्हणून घातलेली ती पेटी ब्राउझरच्या लेखी दोन्ही दिशांची सरकपेटी होते. मग चिकटणारी ओळ त्या पेटीच्या माथ्याला चिकटते, पानाच्या नाही. पेटीची उंची तक्त्याएवढीच, म्हणून पान सरकलं की पेटी वर जाते आणि तिच्याबरोबर नावंही. पेटीलाच पडद्याच्या साधारण ७० टक्के उंचीची मर्यादा द्या आणि दोन्ही दिशांचं सरकणं तिच्या आतच होऊ द्या, म्हणजे नावं जागेवर राहतात. एक खबरदारी घ्या: पेटीच्या बाजूला अंगठ्यापुरती मोकळी जागा सोडा, नाहीतर माणूस पान सरकवायला जातो आणि तक्ताच सरकत राहतो.

बाकीच्या खोड्या लहान आहेत. नावांच्या चौकटीला पक्का पार्श्वरंग द्या, नाहीतर खालचे आकडे नावांतून आरपार दिसतात. तक्त्याच्या रेघा 'कोलॅप्स' केल्या असतील तर नावांखालची रेघ सरकताना निघून जाते. रेघा वेगळ्या ठेवा, मधलं अंतर शून्य करा. डावा रकानाही चिकटवला असेल तर कोपऱ्यातली चौकट सगळ्यांत वर राहील असा तिचा थर ठेवा. जुन्या फोनांसाठी 'स्टिकी' ओळीला न देता त्यातल्या प्रत्येक 'टीएच'ला द्या, कारण क्रोममध्ये अख्खी ओळ चिकटवण्याची सोय २०२१ मध्ये आली. आणि ॲपची वरची पट्टी जागेवर राहणारी असेल तर 'टॉप' शून्य नको, त्या पट्टीच्या उंचीएवढा हवा.

मोबाइल ॲपमध्ये प्रत्येक साधनाची रीत निराळी. जेटपॅक कंपोझच्या लेझीकॉलममध्ये 'स्टिकी हेडर' तयार मिळतो. रिॲक्ट नेटिव्हच्या सेक्शनलिस्टमध्ये तो आयफोनवर आपोआप चिकटतो, अँड्रॉइडवर मात्र सांगावं लागतं, म्हणून आयफोनवर तपासून दिलेलं काम बुऱ्हाणपुरातल्या अँड्रॉइडवर उघडं पडतं. फ्लटरचा साधा 'डेटाटेबल' नावं धरत नाही. कुठेच जमलं नाही तर नावांची ओळ यादीच्या बाहेर, वर वेगळी ठेवा आणि यादी तिच्याखाली सरकू द्या. हे ओबडधोबड वाटलं तरी पक्कं चालतं. फक्त रकान्यांची रुंदी दोघांनी एकाच ठिकाणाहून घ्यावी, नाहीतर 'उचल' हे नाव बाकीच्या डोक्यावर जाऊन बसतं. नाव नसण्यापेक्षा चुकीचं नाव दिसणं जास्त महागात पडतं.

जागेचा हिशोब उंचीचाही करा. ८०० एकक उंचीच्या फोनवर वरची अवस्थापट्टी २४, ॲपची पट्टी ५६, नावं ४०, खालची बटणं ८०. उरले ६००. एक ओळ ४८ ची धरली तर बारा ओळी दिसतात, ठीक आहे. पण आकडा भरायला कीपॅड उघडला की सात-आठ उरतात आणि फोन आडवा केला तर दोन-तीन. म्हणून कायम जागेवर राहणाऱ्या सगळ्या गोष्टी मिळून पडद्याच्या पाचव्या हिश्श्याच्या फार पुढे जाऊ देऊ नका. ॲपची पट्टी सरकताना लपू द्या, रकान्यांची नावं राहू द्या. शोधाची खिडकी, जाहिरातीची पट्टी आणि 'शुभ प्रभात, शेतकरी बंधू' यांपैकी काहीही चिकटवू नका.

देवनागरीचा मुद्दा इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. ४० एककांची ओळ इंग्रजी अक्षरांना ऐसपैस होते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. घट्ट ओळीत 'वर्षी'चा रफार कापला जातो, 'मजुरी'चा उकार रेघेखाली जातो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ओळीची उंची ठेवा. नावं एका शब्दाची ठेवा: 'हिशोबापोटी दिलेली उचल रक्कम' नको, 'उचल' पुरे. मापही नावातच लिहा, 'वजन क्विं.', म्हणजे खाली प्रत्येक ओळीत क्विंटल लिहावं लागत नाही. पण मग ते नाव दिसेनासं होऊन चालणारच नाही, हे ओघानेच आलं.

आणि भाषा. लोधीपुऱ्यातल्या त्या घरात काका मराठी वाचतात, हिशोब लिहिणारे मुनीमजी हिंदी. आपल्या 'जमा-नावे'ला हिंदी वहीत 'जमा-नाम' म्हणतात. एका ओळखीच्या पोराने ॲपमध्ये 'नाम' हा रकाना पाहिला आणि त्यात निमूटपणे गिऱ्हाइकांची नावं भरण्याची सोय करून दिली. उधारीच्या जागी माणसं! दोन भाषांच्या घरासाठी रकान्याचं नाव ठरवताना ते दोन्ही वाचणाऱ्यांना विचारा. 'येणे' आणि 'देणे' दोघांनाही कळतात.

मे महिन्यात दुपारी बागेत उभं राहून फोन बघा, असं मी प्रत्येक ॲपवाल्याला सांगतो. निमाडच्या उन्हात पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांतली नावं वाचताच येत नाहीत. डिझायनर मंडळींना नावं फिकी ठेवायला आवडतात, आकडे उठून दिसावेत म्हणून. वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत लहान अक्षराला पार्श्वरंगाशी किमान साडेचारास एक असा फरक मागितला आहे. उन्हासाठी मी त्याहून गडद ठेवतो.

ज्यांना दिसत नाही ते टॉकबॅकसारख्या पडदावाचकावर ऐकतात. तक्ता खऱ्या तक्त्यासारखा बांधला, नावं 'टीएच'मध्ये ठेवली, तर हा पडदावाचक प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव सांगू शकतो, त्याला चिकटवाचिकटवीची गरजही नाही. पण काही जण चिकटवण्यासाठी नावांच्या ओळीची दुसरी प्रत करून वर ठेवतात. मग ऐकणाऱ्याला सगळं दोनदा ऐकू येतं. ती प्रत पडदावाचकापासून लपवा. तसंच बाहेरचा कीबोर्ड वापरून पुढे जाताना निवडलेली चौकट चिकटलेल्या ओळीखाली दडू नये, असा नियम त्याच सुगम्यतेच्या नियमांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या आवृत्तीत नव्याने घातला आहे. 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' नावांच्या उंचीएवढं दिलं की ते जमतं.

चिकटवणं कुठे नकोच? यादी एका पडद्यात मावत असेल तिथे. आकडा स्वतःच बोलत असेल तिथे, जसा फोन नंबर. आणि जिथे प्रत्येक नोंद वेगळ्या घडणीची आहे, तिथे तक्ताच नको. तिथे नोंदीचं कार्ड करा आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं नाव लिहा. उलट महिन्यांची नावं चिकटवायला विसरू नका. व्हॉट्सॲपवर जुन्या गप्पा वर सरकवताना वरच्या बाजूला तारखेची चकती तरंगते, ती पाहिलीच असेल. हिशोबाच्या यादीत 'चैत्र' किंवा 'मार्च' अशी एक बारीक पट्टी रकान्यांच्या नावांखाली धरली की तारखेच्या रकान्यात नुसता दिवस पुरतो आणि ९६ एककांचे ५६ होतात. ते वाचलेले ४० मी रकमेला देतो.

त्या पुतण्याचं ॲप आम्ही ओट्यावरच दुरुस्त केलं. नावं चिकटवली, रकाने चार केले, आणि काकांच्या सांगण्यावरून आणखी एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती. बाकीच्या आकड्यापुढे 'येणे' किंवा 'देणे' हा शब्द प्रत्येक ओळीत लिहिला. काका म्हणाले, "वर काय लिहिलंय ते बघायला मान वर कोण करतो?" जागा थोडी जास्त गेली, पण मी वाद घातला नाही.

तपासायची रीत मी आता सगळीकडे तीच वापरतो. यादीत दोनशे खोट्या नोंदी भरायच्या. कुणाला न सांगता मधल्या कुठल्यातरी ओळीपर्यंत सरकवायचं. फोन घरातल्या अशा माणसाच्या हाती द्यायचा ज्याने ते ॲप आधी पाहिलेलं नाही, एका आकड्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे कुणाचे, कशाचे आणि कोणत्या दिवसाचे? तो अंगठ्याने यादी वर सरकवायला लागला तर फोन परत घ्यायचा आणि पुन्हा कामाला बसायचं.